सहीचा अधिकार

औषधाच्या कारखान्यात प्रत्येक बॅचची स्वतंत्र नोंद ठेवतात. तिला सगळे बॅच रेकॉर्ड म्हणतात. कच्च्या मालाचे वजन होते तिथपासून गोळ्या पट्टीत बंद होईपर्यंत जे जे घडले ते त्यात लिहिले जाते आणि प्रत्येक टप्प्यापुढे सह्या होतात. काम कोणी केले, कोणी तपासले, कोणी मंजूर केले. छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) चिकलठाणा औद्योगिक वसाहतीत ज्यांनी उमेदीची वर्षे घालवली, त्यांना या सह्यांचे चित्र पाठ आहे. पहिल्या दोन जागी बाईची सही आता कोणाला नवी वाटत नाही. गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत बी. फार्म., एम. एस्सी. झालेल्या मुली औषधाचे पृथक्करण करणाऱ्या एचपीएलसीच्या यंत्रांपुढे दिवस दिवस उभ्या असतात आणि त्यांच्या निष्कर्षावर लाखो रुपयांचा माल अडतो किंवा सुटतो. पण उत्पादन विभागाचा प्रमुख, देखभालीचा प्रमुख, प्लँट हेड अशा जागांवर बाईचे नाव लागले, तर त्याची अजून बातमी होते.

हे पुस्तक त्या तिसऱ्या सहीसाठी आहे. विज्ञान आणि तंत्रज्ञानात काम करणाऱ्या स्त्रियांचे नेतृत्व कसे घडते, कुठे अडते आणि ते घडवायचे तर कोणी काय करायला हवे, हा त्याचा विषय. तो जगभर चर्चेत आहे. इथे मात्र तो चिकलठाण्यातून, शेंद्र्यातून, वाळूजमधून पाहिलेला आहे आणि म्हणूनच ही प्रस्तावना लिहायला मी आनंदाने होकार दिला.

जालना रस्त्याने सिडको, मुकुंदवाडी मागे टाकली की विमानतळाच्या आसपास हा सगळा परिसर पसरलेला आहे. औषधे, वाहनांचे सुटे भाग, विजेची उपकरणे बनवणारे कारखाने इथे आहेत. डाय आणि मोल्ड बनवण्याचे शिक्षण देणारी इंडो जर्मन टूल रूम इथेच आहे. पुढे शेंद्रा आणि ऑरिक ही नवी औद्योगिक नगरी, शहराच्या दुसऱ्या टोकाला वाळूज, आणि याच रस्त्याने तासा-दीड तासावर बियाणे उद्योगाचे जालना. शहरात १९५८ साली विद्यापीठ आले, १९६० साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आले. बीड, परभणी, हिंगोलीच्या गावांतून शिकायला आलेल्या मुली इथेच नोकरीला लागल्या, इथेच संसार थाटले. त्यांच्यातल्या कितीतरी जणी आपल्या घरात पगाराची चिठ्ठी आणणाऱ्या पहिल्याच.

शिक्षणाचा दरवाजा आता बराच उघडला आहे. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या प्रवेशात मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचे शिक्षण शुल्क राज्य सरकारने २०२४ मध्ये पूर्ण माफ केले. विज्ञान शाखेच्या पदवीला देशभर मुली मुलांच्या बरोबरीने बसतात. तरीही केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या आकडेवारीनुसार २०१८ मध्ये देशातल्या संशोधन आणि विकासाच्या कामात स्त्रियांचे प्रमाण १६.६ टक्केच होते. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद १९४२ मध्ये स्थापन झाली. तिच्या महासंचालकपदी पहिली स्त्री, डॉ. एन. कलैसेल्वी, २०२२ मध्ये आली. मध्ये ८० वर्षे गेली.

मुली शिकतात, नोकरीला लागतात, मग वर का पोचत नाहीत? यावर ठरलेले उत्तर तयार असते: संसार, मुले, जबाबदारी घ्यायची तयारी नाही. हे उत्तर तपासून पाहण्याचे काम आपल्याकडे ज्यांनी केले त्यांत डॉ. रोहिणी गोडबोले यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेली ही मुलगी पुढे कणभौतिकीतली जागतिक कीर्तीची शास्त्रज्ञ झाली, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक झाली, आणि त्या उंचीवरून त्यांनी मागे राहिलेल्यांचा हिशेब मांडला. राम रामस्वामींसोबत त्यांनी संपादित केलेले ‘लीलावतीज डॉटर्स’ हे सुमारे शंभर भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांची आयुष्ये सांगणारे पुस्तक २००८ मध्ये आले. २०१० मध्ये अनिता कुरुप आणि सहकाऱ्यांबरोबर त्यांनी पीएच. डी. झालेल्या पाचशेहून अधिक स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध केली. संशोधन सुटलेल्या स्त्रियांच्या सांगण्यात घरापेक्षा योग्य नोकरीच न मिळणे हे कारण ठळकपणे पुढे आले. घर हे कारण आहेच, पण बंद दारांवरही बाहेरून घराचीच पाटी लावून ठेवली जाते. रोहिणीताई ऑक्टोबर २०२४ मध्ये गेल्या. त्यांनी विचारलेले प्रश्न अजून आपल्यासमोर आहेत.

कारखान्यात तर एक दार चक्क कायद्यानेच बंद होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ६६ व्या कलमानुसार स्त्रियांना सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेबाहेर कामावर ठेवता येत नसे. हेतू संरक्षणाचा होता. परिणाम काय झाला तो पाहा. जो कारखाना तीन पाळ्यांत चालतो त्यात उत्पादनाचा अधिकारी रात्रपाळी करतोच. रात्री दोनला यंत्र बंद पडते, तापमान हाताबाहेर जाते, बॅच ठेवायची की टाकायची ते तिथेच ठरवावे लागते. या रात्रींतून शिफ्ट इनचार्ज घडतो, शिफ्ट इनचार्जचा पुढे उत्पादन प्रमुख होतो आणि उत्पादन प्रमुखांतून प्लँट हेड निवडला जातो. मुलींना रात्रपाळी नाही म्हणून उत्पादन नाही, उत्पादन नाही म्हणून त्या जनरल शिफ्टच्या प्रयोगशाळेत, कागदपत्रांच्या विभागात. वीस वर्षांनी प्लँट हेड नेमायची वेळ आली की ‘उत्पादनाचा अनुभव नाही’ हा शेरा तयार. महाराष्ट्राने २०१५ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळी खुली केली. २०२० च्या केंद्रीय कामगार संहितेनेही स्त्रीच्या संमतीने ती वाट मान्य केली. कायदा बदलला, पण सात दशकांची सवय नेमणुकीच्या यादीत अजून शिल्लक आहे. मुलाखतीत मुलीला न विचारताच तिचे नाव प्रयोगशाळेच्या रकान्यात टाकले जाते. पुढच्या नेतृत्वाचा निकाल बहुधा त्याच दिवशी लागतो.

आपला इतिहासही हेच सांगतो. डॉ. रखमाबाई राऊत यांचे नाव बालविवाहाच्या खटल्यामुळे आपल्याला ठाऊक असते. त्या लंडनमध्ये वैद्यक शिकल्या, १८९४ मध्ये पदवी घेतली आणि परत येऊन सुरत व राजकोट इथली स्त्रियांची रुग्णालये त्यांनी सुमारे पस्तीस वर्षे प्रमुख म्हणून चालवली. इमारत, औषधसाठा, नर्सेस, पैसा, संस्थानिकांशी बोलणी हे सगळे त्यांच्या शिरावर होते. बायका पुरुष डॉक्टरांकडे जात नसत, म्हणून त्या रुग्णालयांना प्रमुख म्हणून बाईच हवी होती. जागा बाईसाठी होती, ती रखमाबाईंना मिळाली आणि त्यांनी ती गाजवली.

आता कमलाबाई सोहोनींकडे पाहा. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण १९३३ मध्ये रसायनशास्त्राची पदवी घेऊन बंगळूरला भारतीय विज्ञान संस्थेत गेली, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी ती मुलगी असल्याने प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. वर्षभराच्या परिविक्षेवर, अपमानास्पद अटींवर त्यांना घेतले गेले आणि त्यांचे काम पाहून पुढे मुलींसाठी ते दार उघडले. १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच. डी. मिळाली. वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी असते हे त्यांनी दाखवले. मायदेशी परतून नीरेवर आणि गरिबांच्या आहारातल्या पदार्थांवर त्यांनी संशोधन केले, त्यासाठी राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आणि तरी मुंबईच्या विज्ञान संस्थेचे संचालकपद त्यांच्यापर्यंत यायला चार वर्षांचा उशीर लावला गेला. या बाईंच्या तयारीत काय कमी होते? त्यांना कोणती कार्यशाळा हवी होती? निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत त्या उतरल्या, कन्झ्युमर गाइडन्स सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. नेतृत्व त्यांच्यात होतेच. खुर्चीच उशिरा मिळाली.

या दोन आयुष्यांतून मला जे दिसते तेच या पुस्तकाचे सूत्र आहे. नेतृत्व अधिकाराच्या जागेवर बसून शिकले जाते. ‘आधी तयार व्हा, मग जबाबदारी देऊ’ ही अट स्त्रियांना घातली जाते, पुरुषांना क्वचित. पुरुष इंजिनिअर शिफ्टवर जातो, चुका करतो, वरिष्ठांची बोलणी खातो आणि त्यातून तयार होतो. बाईने मात्र चूक न करण्याची हमी आधी द्यायची.

उलटा प्रयोग महाराष्ट्राने एकदा मोठ्या प्रमाणावर करून पाहिला आहे. १९९३ मध्ये ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ मध्ये आपल्या राज्याने एकूण जागांपैकी निम्म्या जागा त्यांना दिल्या. आधी पद मिळाले, प्रशिक्षण मागून आले. सुरुवातीला सरपंचबाईंच्या शेजारी त्यांचे यजमानच खुर्ची टाकून बसत, काही गावांत अजूनही बसतात. पण ज्या बायकांनी पाणीपुरवठ्याची निविदा वाचली, ग्रामसेवकाला हिशेब विचारला, ग्रामसभा रेटून नेली, त्या पदावर बसूनच शिकल्या.

याहून जवळचे उदाहरण मराठवाड्याच्या काळजातले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यानंतर घरांच्या दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साथीने हजाराहून अधिक गावांत महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद साहाय्यक’ म्हणून अधिकृतपणे नेमले गेले. दगडमातीच्या भिंती कशा बांधून घ्यायच्या, भूकंपाचा धक्का घर कसे सोसते, अनुदान कोणत्या टप्प्याला मिळते, हे त्यांनी समजून घेतले, गावाला समजावले, अभियंत्यांना प्रश्न विचारले. शाळेत फारशा न गेलेल्या बायकांनी बांधकामाचे तंत्र हाताळले, कारण ते काम त्यांच्या नावावर होते. चिकलठाण्यातल्या एम. टेक. झालेल्या मुलीला एक उत्पादन रेषा सांभाळता येईल का, ही शंका ज्यांना येते त्यांनी हे आठवावे.

मग प्रशिक्षणाचा उपयोग नाही का? उपयोग मोठा आहे, पण जबाबदारीला जोडले तरच. एखाद्या हॉटेलच्या सभागृहात दोन दिवस आत्मविश्वासावर व्याख्याने झाली, प्रमाणपत्रे वाटली, सोमवारी सगळ्या जणी होत्या त्याच टेबलावर परतल्या, तर हाती काही लागत नाही. या पुस्तकात जे शिक्षण सुचवले आहे ते कामाच्या पोटातले आहे. विभागाचा वार्षिक खर्च कसा मांडायचा आणि नवे यंत्र घ्यायचे तर व्यवस्थापनापुढे प्रस्ताव कसा ठेवायचा. डेव्हिएशन (ठरलेल्या प्रक्रियेपासून ढळणे) झाले तर मूळ कारण कसे शोधायचे आणि दबाव आला तरी बॅच कशी थांबवायची. एफडीएचा किंवा परदेशी निरीक्षक तपासणीला आला की मागच्या खोलीत फायली काढून देण्याऐवजी समोर बसून उत्तरे कशी द्यायची. हाताखालच्या अनुभवी ऑपरेटरला, जो वयाने मोठा आणि जुन्या विचारांचा आहे, मान राखून काम कसे सांगायचे. बैठकीत आपली सूचना दुसऱ्याच्या नावावर गेली तर शांतपणे ती परत आपल्या नावावर कशी आणायची. कोणाची नेमणूक करायची, कोणाला बढती द्यायची, कोणाला नाही म्हणायचे. हे धडे करूनच येतात, म्हणून प्रत्येक धड्यासोबत खरी जबाबदारी, ठरलेली मुदत आणि मागे उभा राहणारा वरिष्ठ हवा.

या वरिष्ठाबद्दल दोन शब्द. सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. बाई खोलीत नसताना तिचे नाव घेणारा माणूस दुर्मिळ. १९७४ मध्ये पुण्याच्या टेल्को या टाटांच्या वाहन कंपनीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे छापले होते. सुधा कुलकर्णी नावाच्या विद्यार्थिनीने, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती यांनी, जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिले. त्यांना मुलाखतीला बोलावले गेले आणि त्या कारखान्यातल्या पहिल्या स्त्री अभियंता झाल्या. पत्र लिहिण्याचे धैर्य त्यांचे होते, पण नियम बाजूला सारण्याचा अधिकार वरच्यांचा होता. तो त्यांनी वापरला म्हणून दार उघडले. कोल्हापुरात वाढलेल्या, सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातून इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या लीना नायर २०२२ मध्ये शनेल या जागतिक कंपनीच्या प्रमुख झाल्या. त्यांच्या नोकरीची सुरुवातीची वर्षे हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यांत गेली होती. आपल्या शेजारच्या जालन्यात डॉ. उषा बारवाले झेर यांनी महिको या बियाणे कंपनीच्या संशोधनाची धुरा सांभाळली. कंपनी घरची होती, तिथे अधिकाराची वाट घरातूनच मोकळी झाली. ज्यांचे घर कंपनी चालवत नाही त्या हजारो जणींसाठी ही वाट संस्थेने मोकळी करायची आहे.

सरकारी पातळीवर प्रयत्न झाले आहेत आणि ते मोलाचे आहेत. खंड पडलेल्या स्त्री-शास्त्रज्ञांना परत आणणारी योजना २००२-०३ मध्ये सुरू झाली, पुढे ती ‘किरण’ कार्यक्रमात आली. २०२० मध्ये ‘गती’ हा उपक्रम ब्रिटनमधल्या स्त्री-पुरुष समानतेसाठीच्या अथेना स्वान सनदेच्या धर्तीवर सुरू झाला. त्यात संस्थेनेच आपली नेमणूक, बढती, समित्या तपासायच्या असतात. बाईला सुधारण्याऐवजी संस्थेने स्वतःला तपासावे, ही त्यातली कल्पना मला फार योग्य वाटते. परदेशातही ‘होमवर्ड बाउंड’सारखे कार्यक्रम २०१६ पासून विज्ञानातल्या स्त्रियांना एकत्र आणून नेतृत्वाचे शिक्षण देत आहेत. पण हे बहुतेक सारे विद्यापीठांसाठी आणि संशोधन संस्थांसाठी आहे. चिकलठाण्याच्या खासगी कारखान्यातली विश्लेषक, टूल रूममधली डिझायनर या त्यात कुठेच बसत नाहीत. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळावर एक स्त्री आणली, शैक्षणिक आरक्षणाने खाली प्रवेश दिला. मधला जिना मात्र कोणत्याच कायद्यात नाही. तो कारखान्यांनीच बांधायचा आहे.

तो जिना सर्वात जास्त तुटतो तिशीच्या आसपास. त्याच वयात शिफ्टची सूत्रे मिळतात आणि त्याच वयात बाळंतपण येते. मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने २६ आठवड्यांची रजा मिळाली, पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे झाले. रजा संपवून आलेल्या मुलीला ‘हलके’ काम देण्याची आपल्याकडे प्रेमळ पद्धत आहे. त्या हलक्या कामातून ती परत वर येत नाही. २०२० च्या मार्चमध्ये पुण्याच्या मायलॅब या कंपनीत मिनल दाखवे-भोसले यांच्या संघाने कोविडचे निदान करणारे किट सहा आठवड्यांत तयार केले. ते तपासणीला सोपवल्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना मुलगी झाली. त्यांच्या कष्टाचे कौतुक सर्वांनी केले. मला त्यातली दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते: गरोदर आहे म्हणून त्यांच्याकडून प्रमुखपद कोणी काढून घेतले नाही. प्रत्येक बाईने प्रसूतीच्या आदल्या दिवसापर्यंत राबावे असे कोणी म्हणू नये, पण तिच्या वतीने परस्पर निर्णयही घेऊ नये.

पुस्तकाचे तीन भाग आहेत. पहिला नुकत्याच कामाला लागलेल्या मुलींसाठी आहे: कोणता विभाग मागावा, काय शिकावे, काय लेखी ठेवावे. दुसरा पाच-दहा वर्षे झालेल्या स्त्रियांसाठी आहे, जिथे बहुतेकींची गाडी अडते. तिसरा व्यवस्थापकांसाठी आहे आणि माझी विनंती आहे की तो आधी वाचावा. रात्रीची बस, स्वच्छतागृह, पाळणाघर, लैंगिक छळाच्या तक्रारींची २०१३ च्या कायद्याने बंधनकारक केलेली समिती या सोयी उपकार म्हणून द्यायच्या नाहीत. त्या नसतील तर ‘बायका जबाबदारी घेत नाहीत’ हे वाक्य उच्चारण्याचा हक्क कोणाला उरत नाही.

शेवटी वाचणाऱ्या प्रत्येकीला सांगणे एवढेच. पुढच्या वेळी उत्पादनाची, शिफ्टची, प्रकल्पाची जागा निघेल तेव्हा पूर्ण तयारी झाल्याची वाट पाहू नका. अर्ज करा, जागा मागा, मिळाली की आपल्या मागे असलेल्या दुसरीचे नाव त्याच आठवड्यात वरिष्ठांना सांगा. आणि व्यवस्थापकांनो, आपल्या विभागातल्या मंजुरीच्या सह्यांची यादी एकदा काढून पाहा. त्यात किती बायका आहेत ते मोजा आणि येत्या वर्षभरात त्यात एक नाव वाढवा.